टायगर-१ रणगाड्याचं १/३५ मॉडेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातला जर्मन टायगर हा स्केल मॉडेल करणाऱ्यांचा जुना लाडका विषय. माझ्या कपाटात सध्या चार टायगर आहेत आणि पाचवा टेबलावर उघडा पडलाय. घरी येणारे, नवीन किट आणलेले, अर्ध्यात अडकलेले असे सगळे साधारण तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत.

टायगर म्हणजे नेमका कोणता रणगाडा?

इथे सगळं टायगर-१ बद्दल आहे. कासेल शहरातल्या हेन्शेल कारखान्यात ऑगस्ट १९४२ ते ऑगस्ट १९४४ या दोन वर्षांत असे साडेतेराशेच्या आसपास रणगाडे तयार झाले. वजन ५७ टनांच्या घरात, समोरचं चिलखत १०० मिमी, तोफ ८८ मिमीची आणि आत पाच माणसं. ज्याला किंग टायगर म्हणतात तो टायगर-२. त्याचं चिलखत तिरपं आहे आणि तो रणगाडाच वेगळा. ऑनलाइन मागवताना खोक्यावरचं नाव नीट वाचा. या गडबडीत चुकीचं किट घरी आलेले दोघं-तिघं मला माहीत आहेत.

१/३५ हेच माप का?

या मापाची गोष्ट गमतीची आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया या मॉडेल कंपनीने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत मोटर आणि बॅटरी बसायला हवी, म्हणून तेवढ्या जागेच्या हिशेबाने त्याचा आकार ठरला आणि नंतर मोजलं तर तो मूळ रणगाड्याच्या साधारण १/३५ निघाला. पुढे तामियाने तेच माप धरून ठेवलं आणि बाकीचेही त्याच वाटेने गेले.

आपल्या दृष्टीने १/३५ मध्ये टायगरचा सांगाडा १८ सेमी लांब होतो, तोफेसकट साधारण २४ सेमी. पुस्तकांच्या फळीवर आरामात मावतो. १/४८ मध्ये सांगाडा १३ सेमी आणि १/७२ मध्ये जेमतेम पावणेनऊ सेमी. जागा कमी असेल तर १/४८ चांगलं, पण बारीक काम करायचं असेल तर १/३५ ला पर्याय नाही.

एक सवय लावून घ्या. कुठलाही भाग हातात आला की खऱ्या मापाला ३५ ने भागायचं. समोरचं १०० मिमीचं चिलखत मॉडेलवर २.९ मिमी. ८८ मिमीच्या तोफेचं तोंड २.५ मिमी. २ मीटरची अँटेना ५७ मिमी. पावणेसहा फुटी माणूस ५ सेमी. हे आकडे डोक्यात बसले की किटमधली कुठली गोष्ट जाड आहे, कुठली पातळ आहे, हे डोळाच सांगायला लागतो.

पहिल्यांदाच करतोय. कोणतं किट घेऊ?

तामियाचं. सुरुवातीच्या उत्पादनाचा टायगर त्यांनी १९९७ मध्ये काढला, शेवटच्या उत्पादनाचा १९८९ मध्ये. किट जुने आहेत, पण भाग एकमेकांत असे बसतात की पहिलाच प्रयत्न करणाऱ्याचा उत्साह टिकून राहतो. ड्रॅगन या दुसऱ्या कंपनीच्या किटमध्ये तपशील जास्त आणि गोंधळही जास्त. राय फील्ड कंपनीने इंजिनासकट आतला सगळा भाग दिलेला टायगर काढलाय. तो बघून हरखून जायला होतं, पण तिसरा-चौथा टायगर म्हणून तो घ्या. पाचशे-सहाशे तुकड्यांचं किट पहिल्याच वेळी घेतलं तर ते माळ्यावर जातं.

परदेशातून मागवणार असाल तर किमतीत कस्टम ड्यूटी आणि टपालखर्च धरूनच हिशेब करा.

खोकं उघडल्यावर सगळ्यात आधी काय करायचं?

काहीही कापू नका. आधी ठरवा की तुम्ही कोणता टायगर बांधताय. कुठल्या तुकडीचा, कुठल्या महिन्यातला, कुठल्या भूमीवरचा. माझ्या मते या छंदातला हाच सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे, आणि बहुतेक जण तो शेवटी, डेकल म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं आणि आकडे लावायच्या वेळी घेतात. तोवर उशीर झालेला असतो.

कारण दोन वर्षांत टायगर सतत बदलत गेला. सुरुवातीच्या टायगरवर कमांडरचा घुमट उभ्या पिंपासारखा आहे आणि त्याला बघायच्या फटी आहेत. १९४३ च्या मध्यापासून त्याजागी ठेंगणा, पेरिस्कोपवाला ओतीव घुमट आला. मागच्या बाजूला दोन मोठे डबे आणि जाड नळ्या दिसतात, ते फाइफेल एअर फिल्टर. धुळीसाठी होते, १९४३ च्या शरद ऋतूच्या सुमारास बंद झाले. झिमेरिट नावाचा खडबडीत लेप १९४३ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस कारखान्यात लागायला लागला आणि टायगर-१ चं उत्पादन थांबेपर्यंत लागत राहिला. रबराच्या धावांची चाकं १९४४ च्या सुरुवातीला गेली आणि पोलादी कडांची चाकं आली. पहिल्या २५० रणगाड्यांत मायबाखचं एचएल २१० इंजिन होतं, नंतर एचएल २३०.

आता यावरून काय निघतं बघा. जुलै १९४३ मधला, रशियातल्या कुर्स्कच्या लढाईतला टायगर करताय, तर झिमेरिट नको आणि पोलादी चाकंही नकोत. नॉर्मंडीतला जून १९४४ चा नवाकोरा टायगर करताय, तर झिमेरिट हवंच. पोलादी चाकं आहेत आणि झिमेरिट नाही, असा टायगर प्रदर्शनात मांडला तर जाणकार तिथेच थांबतो. अपवाद आहेत. दुरुस्तीसाठी कारखान्यात परत गेलेल्या जुन्या गाड्यांवर नवे भाग चढले. पण अपवाद बांधायचा असेल तर त्याच गाडीचा फोटो हाताशी हवा.

मग मी कोणता एक निवडू?

पहिल्यासाठी माझं उत्तर ठरलेलं आहे: टायगर १३१. ट्युनिशियात एप्रिल १९४३ मध्ये ब्रिटिशांच्या हाती लागलेला, ५०४ क्रमांकाच्या जड रणगाडा तुकडीतला. तो आज इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यात, बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये आहे आणि अजून चालतो. त्याच्या प्रत्येक नटबोल्टचे फोटो मिळतात. झिमेरिट नाही, त्यामुळे पहिल्या वेळेला एक मोठं काम वाचतं. टरेटवर, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागावर, बसलेल्या फटक्यांच्या खुणाही अजून दिसतात, त्या हुबेहूब उतरवता येतात.

आकडाही वाचायला शिका. १३१ म्हणजे पहिली कंपनी, तिसरा प्लाटून, पहिली गाडी. हे कळलं की डेकलचा कागद एकदम बोलका होतो.

हत्यारं काय काय लागतात?

थोडी आणि चांगली. प्लास्टिक कापायची बारीक पक्कड, क्राफ्ट नाइफ, टोकदार चिमटा, हार्डवेअरच्या दुकानातला ४००, ६०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर. प्लास्टिकसाठी पातळ सिमेंट, धातूसाठी फेविक्विक. पातळ सिमेंट भागांना चिकटवत नाही, वितळवून एकजीव करतं. म्हणून दोन भाग आधी जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक फक्त फटीला लावायचं, सिमेंट आपोआप आत ओढलं जातं. बोट फटीवर असेल तर सिमेंट बोटाखालीही जातं आणि तुमचा ठसा रणगाड्यावर कायमचा उमटतो. फटी भरायला मॉडेलसाठीची लांबी (पुट्टी) मिळते, तीच वापरा. भिंतीची किंवा गाडीच्या टपाची लांबी भरड असते.

चाकं इतकी का? आणि ती रंगवायची कधी?

टायगर करणाऱ्याची परीक्षा इथेच होते. रबरी धावांच्या टायगरला प्रत्येक बाजूला आठ दांडे, प्रत्येक दांड्यावर तीन चाकं. म्हणजे एका बाजूला २४, दोन्हीकडे मिळून ४८. ती एकमेकांत अशी गुंफलेली आहेत की बाहेरून बघताना मागची चाकं चंद्रकोरीएवढीच दिसतात. वजन जास्त पृष्ठभागावर वाटलं जावं म्हणून ही रचना केली. तिचा त्रास खऱ्या सैनिकांनाही झाला. रशियाच्या हिवाळ्यात चाकांमधला चिखल रात्रीत गोठून दगड व्हायचा, आणि आतलं एक चाक बदलायचं तर बाहेरची कितीतरी काढावी लागायची.

मॉडेलवर हीच अडचण रंगाच्या वेळी येते. सगळी चाकं बसवून मग रबराची कड रंगवायला गेलात तर ब्रश आत पोचत नाही. मी असं करतो. प्रत्येक चाक टूथपिकवर खोचायचं, थर्माकोलच्या तुकड्यावर रांगेने उभं करायचं. आधी रबराचा रंग मारायचा, तो शुद्ध काळा नको, काळपट राखाडी हवा. मग गोल भोकांच्या प्लास्टिक पट्टीतलं नेमकं मापाचं भोक चाकावर धरायचं आणि मधला भाग एअरब्रशने मारायचा. एका चाकाला वीस सेकंद. सगळ्या ४८ चाकांना एक संध्याकाळ, आणि कड सुरेख गोल येते. मग आतल्या रांगेपासून बाहेर येत बसवायची आणि प्रत्येक रांगेनंतर चिखलाचा पहिला हात तिथल्या तिथे द्यायचा.

पोलादी चाकांच्या टायगरला दर दांड्यावर दोनच चाकं, एकूण ३२. रबराची कड नाही, त्यामुळे काम निम्मं.

ट्रॅक रबराचे ठेवू की कडी-कडीचे लावू?

कडी-कडीचे. एका बाजूला ९६ कड्या. खरा ट्रॅक पोलादाचा आणि भयंकर जड, त्यामुळे तो स्वतःच्या वजनाने चाकांवर पडून राहतो आणि पुढच्या दातेरी चाकापासून पहिल्या चाकापर्यंत किंचित झोळ घेतो. किटमधला रबरी पट्टा ताणलेला राहतो, आणि ५७ टनांची गाडी एकदम खेळण्यासारखी हलकी दिसायला लागते. धातूच्या कड्या महाग पडतात, पण त्यांना स्वतःचं वजन असतं, झोळ आपोआप येतो. प्लास्टिकच्या कड्या सिमेंट लावल्यावर अर्धा तास लवचीक राहतात. तेवढ्यात त्या गाडीवर गुंडाळून झोळ द्यायचा आणि वरच्या पट्ट्यात कापसाचे बोळे कोंबून सुकू द्यायचा.

लढाईचा ट्रॅक ७२५ मिमी रुंद होता. रेल्वेवरून नेताना तो काढून ५२० मिमीचा अरुंद ट्रॅक घालायचे आणि बाहेरची चाकंही काढायचे. रेल्वे वॅगनवरचा टायगर करणार असाल तर हे विसरू नका.

वेल्डिंगचे सांधे कसे दाखवायचे?

मला सगळ्यात आवडणारं काम. टायगरच्या जाड प्लेटा सुतारकामातल्या सांध्यांसारख्या एकमेकांत अडकवून वेल्ड केलेल्या आहेत. बहुतेक किटमध्ये तिथे नुसती रेघ असते.

किटच्या फ्रेमचा तुकडा मेणबत्तीवर गरम करून ओढला की केसासारखा दोरा निघतो. तो सांध्यावर ठेवायचा, त्यावर पातळ सिमेंट एकदा फिरवायचं आणि दोन मिनिटं थांबायचं. दोरा मऊ झाला की बोथट पात्याने त्यावर जवळजवळ, किंचित तिरपे ठसे उमटवत जायचं. हात थोडा थरथरला तर उत्तमच, कारण कासेलमधल्या वेल्डिंगवाल्याच्या रेषाही सरळ नव्हत्या. एक बाजू करायला मला पाऊण तास लागतो. रंग चढल्यावर त्या सांध्यात वॉशची, म्हणजे पाण्यासारख्या पातळ गडद रंगाची, काळी रेघ बसते तेव्हा प्लास्टिकच्या डब्याचं पोलाद होतं.

ओतीव भागांचा, म्हणजे तोफेच्या मुळाशी असलेल्या ढालीचा पोत वेगळा. तिथे लांबी थिनरमध्ये कालवून जुन्या राठ ब्रशने थोपटायची.

फोटो-एचचे पितळी भाग लागतातच का?

नाही. फोटो-एच म्हणजे रसायनाने कोरून काढलेले पातळ पत्र्याचे भाग. एकच घ्यायचा झाला तर इंजिनावरच्या जाळ्या घ्या. त्या प्लास्टिकमध्ये कधीच पटत नाहीत. दुसरा खर्च करायचा तर कातून काढलेली ॲल्युमिनियमची नळी, कारण दोन अर्धुकं जोडलेल्या प्लास्टिकच्या तोफेवरची शिवण घासताना गोलाई जाते. बाकी आधी स्वतः करून बघा. ओढायची जाड दोरखंडं घरातल्या वायरीतल्या तांब्याच्या तारा पिळून होतात. तारांचं एक टोक पकडीत, दुसरं ड्रिलमध्ये धरून सावकाश फिरवा.

पितळ वाकवायला कडक वाटलं तर क्षणभर ज्योतीवर धरून गार होऊ द्या, मऊ पडतं.

झिमेरिट म्हणजे काय आणि ते कसं करायचं?

शत्रूच्या सैनिकाने चुंबकाचा सुरुंग चिकटवू नये म्हणून जर्मनांनी रणगाड्यांच्या उभ्या पृष्ठभागांवर लावलेला हा लेप. बर्लिनच्या झिमर नावाच्या रसायन कंपनीवरून नाव पडलं. त्यात बेरियम सल्फेट, पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, गेरूच्या जातीचं पिवळं रंगद्रव्य, झिंक सल्फाइड आणि चक्क लाकडाचा भुसा होता. तो चुंबकाला दूर ढकलत नव्हता. पोलाद आणि चुंबक यांच्यात थोडं अंतर पाडायचा, एवढंच त्याचं काम. गंमत अशी की असे चुंबकी सुरुंग मोठ्या प्रमाणावर जर्मनांकडेच होते. सप्टेंबर १९४४ मध्ये हा लेप बंद करायचा हुकूम निघाला.

टायगरवर त्याच्या आडव्या बारीक सऱ्या असत. शेतात सऱ्या पाडतात तशाच, पण काही मिलिमीटरच्या. ३५ ने भागा, म्हणजे मॉडेलवर त्यांची उंची ०.१ ते ०.२ मिमीच निघते. बहुतेक जण इथेच चुकतात आणि लेप जाड करतात.

दोन भागांची एपॉक्सी पुट्टी घ्या. मॉडेलसाठीची बारीक असते. नळ गळतो तेव्हा वापरतो ती साधी पुट्टी चालते, पण ती लवकर कडक होते, म्हणून एका वेळी तळहाताच्या चौथाईएवढाच भाग घ्या. समान भाग मळायचे, बोटं पाण्यात बुडवायची आणि कागदाइतका पातळ थर पसरायचा. मग बारीक सपाट स्क्रूड्रायव्हर पाण्यात बुडवून खालून वर ठसे देत जायचं. एक उभा पट्टा संपला की शेजारचा दुसरा. पट्ट्यांच्या मधली शिवण पुसू नका, खऱ्या गाडीवरही ती दिसते. चाकांवर, मडगार्डवर, छतावर लेप नाही.

अर्धवट सुकल्यावर कोपऱ्यांतून, आकड्यांच्या आजूबाजूने थोडे टवके उडवा. खाली लाल प्रायमर दिसायला हवा.

रंग कोणते?

फेब्रुवारी १९४३ पर्यंत युरोपातले जर्मन रणगाडे गडद राखाडी होते. त्या महिन्यात हुकूम निघाला आणि कारखान्यातून गाड्या डुंकेलगेल्ब म्हणजे गडद पिवळ्या रंगात यायला लागल्या. त्यावर हिरव्या आणि तांबूस तपकिरी रंगाचे पट्टे तुकडीतली माणसंच मारायची. हे दोन रंग घट्ट लेपाच्या रूपात डब्यांतून मिळायचे आणि जे हाताशी असेल त्यात, पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये, पातळ केले जायचे. कुणी दाट मारला, कुणी फिका. म्हणून एकाच कंपनीतले दोन टायगर सारखे दिसत नाहीत, आणि बाटलीवरच्या नावावरून भांडण्यात अर्थ नाही. ट्युनिशियातल्या टायगरांच्या मूळ छटेबद्दल तर अभ्यासकांतच अजून वाद आहे.

तामियाच्या रंगांत एक्सएफ-६० पिवळा, एक्सएफ-६१ हिरवा, एक्सएफ-६४ तपकिरी, एक्सएफ-६३ राखाडी. मी पिवळ्यात थोडा पांढरा घालतो, कारण लहान वस्तूवर मूळ रंग नेहमी गडद भासतो. एअरब्रशला ०.३ मिमीचं नोझल, दाब १५ ते २० पीएसआय, रंग पातळ दुधासारखा. वाटीच्या कडेला उडवला की सरळ खाली ओघळून मागे पातळ पडदा राहायला हवा. खिडकी उघडी ठेवा आणि वाफ अडवणारा, फिल्टरच्या डब्या (कार्ट्रिज) असलेला मास्क लावा. कापडी मास्क इथे उपयोगाचा नाही.

पावसाळ्यात रंगवता येतं का?

मुंबई-कोकणात जुलैमध्ये लॅकर मारू नका. माझा दुसरा टायगर असाच खराब झाला. बाहेर धो धो पाऊस, मी हौसेने वार्निशचा शेवटचा हात मारला आणि दहा मिनिटांत अख्खी गाडी दुधाळ पांढरी झाली. हवेतला ओलावा सुकणाऱ्या थरात अडकतो, त्याने हे होतं. दोन दिवसांनी कोरड्या दुपारी नुसतं थिनर आणि थोडा रिटार्डर (रंग सावकाश सुकवणारं द्रावण) उडवल्यावर बराच पांढरेपणा गेला, पण टरेटच्या मागे अजून एक डाग आहे.

जून ते सप्टेंबर मी जोडकाम करतो, चाकं, ट्रॅक, वेल्डिंग. रंग दसऱ्यानंतर. मे महिन्यात उलट त्रास होतो, रंग नोझलच्या टोकावरच सुकतो, तेव्हा रिटार्डरचे दोन थेंब घाला आणि सकाळी लवकर बसा.

डेकलमध्ये स्वस्तिक असतं का? ते लावायचं का?

टायगरच्या बाजूंवर असतो तो काळा-पांढरा बाल्केनक्रॉइत्स, म्हणजे सरळ दांड्यांचा क्रूस. नाझी स्वस्तिक रणगाड्यावर दिसतं ते मुख्यतः जर्मन विमानांना ओळख पटावी म्हणून इंजिनावर पसरलेल्या झेंड्यावर. जर्मनीत या चिन्हाच्या जाहीर प्रदर्शनावर कायद्याने बंदी आहे, त्यामुळे बऱ्याच किटमध्ये ते नसतंच.

मी लावत नाही. आपल्या उंबरठ्यावर आणि वहीच्या पहिल्या पानावर जे स्वस्तिक आहे त्याचा त्या झेंड्याशी काही संबंध नाही, हे घरी येणाऱ्या प्रत्येक लहान मुलाला मी सांगतो. तरीही ते चिन्ह त्या अर्थाने कपाटात नको वाटतं.

डेकलआधी चकचकीत वार्निशचा हात द्या. खडबडीत मॅट रंगावर डेकलखाली हवा अडकते आणि ती चांदीसारखी चमकते. झिमेरिटवर डेकल मऊ करणारं द्रावण दोनदा-तीनदा लावावं लागतं, तेव्हा ते सऱ्यांमध्ये उतरतं.

मळलेला, वापरलेला कसा दाखवायचा?

आधी स्वतःला विचारा, ही गाडी आघाडीवर येऊन किती दिवस झालेत? टायगर १३१ फेब्रुवारी १९४३ मध्ये बनला आणि एप्रिलमध्ये पकडला गेला. दोन महिन्यांची गाडी. तिच्यावर वर्षानुवर्षांचा गंज कुठून येणार? जाड चिलखतावर तसाही गंज फारसा दिसत नाही. गंज दिसतो सायलेन्सरच्या पत्र्यावर, तिथे तो मनसोक्त दाखवा.

माझा क्रम साधा आहे. बर्न्ट अंबर तैलरंग टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करून फक्त सांध्यांत आणि बोल्टभोवती सोडायचा. तैलरंग कॅमलचे चालतात. मग स्पंजच्या फाटक्या तुकड्याने, माणसांचे बूट जिथे घासतात त्या कडांवर, झाकणांभोवती बारीक टवके. इथे हात आवरायला शिका. मी टवके मारून झाल्यावर रात्रभर थांबतो, आणि सकाळी बहुतेक वेळा निम्मे रंगाने झाकतो.

आता माती. यावर मी फार हट्टी आहे. कोकणातल्या माणसाच्या डोक्यात माती म्हणजे तांबडी, आणि मी अशी तांबडी धूळ चढवलेले ‘कुर्स्क’चे टायगर पाहिले आहेत. कुर्स्कची माती काळी. आपल्या देशावरची, सोलापूर-परभणीकडची काळी रानं ज्याने पाहिली आहेत त्याला ती समजावून सांगावी लागत नाही. ओली असते तेव्हा जवळजवळ काळी आणि चिकट, बुटाला ढेकूळ होऊन लागते. सुकली की राखाडी-तपकिरी होते आणि तिला भेगा पडतात. चाकांच्या आत ओला गडद चिखल, बाहेर सुकलेला फिका, आणि वर हलकी धूळ. तीन छटा आणि तीन थर. ट्युनिशियाची धूळ मात्र फिकट, पिवळसर आणि कोरडी, ती पिगमेंटने, म्हणजे रंगाच्या कोरड्या पुडीने, सपाट जागी साठवून दाखवायची.

चिखलासाठी पिगमेंट, बारीक चाळलेली खरी माती आणि थोडा पांढरा डिंक असं कालवण करतो. माती तव्यावर भाजून घ्या, नाहीतर बुरशी येते. शेवटी ट्रॅकचा जमिनीला लागणारा भाग शिसपेन्सिलीच्या चुऱ्याने घासा, पोलादाची चमक येते.

आतला भाग करावा का?

झाकणं बंद ठेवणार असाल तर नको. उघडी ठेवणार असाल तर निदान टरेट आतून हस्तिदंती रंगात रंगवा. सांगाड्याच्या तळाशी लाल प्रायमर. आत ८८ मिमीचे ९२ गोळे मावत, आणि त्या गर्दीत पाच माणसं कशी बसत असतील हे आतला भाग बांधतानाच कळतं.

महाराष्ट्रात खरा टायगर बघायला मिळतो का?

नाही. जगात मोजकेच उरलेत. बोव्हिंग्टनचा, फ्रान्समध्ये सोम्यूरच्या संग्रहालयातला, नॉर्मंडीत विमूतिए गावाबाहेर रस्त्याच्या कडेला उभा असलेला, असे हातावर मोजण्याइतके.

पण अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम बघाच. व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, पाकिस्तानकडून जिंकलेले पॅटन तिथे उभे आहेत. टायगर नसला तरी जाड पोलादाची कड ऊन-पावसात कशी दिसते, ओतीव टरेटचा पोत हाताएवढ्या अंतरावरून कसा असतो, वरच्या रंगाखालचा रंग कुठे उघडा पडतो, हे फोटोतून कळत नाही. मी तिथे दुपारभर नुसता वेल्डिंगचे सांधे बघत फिरलो होतो, आणि माझं वेल्डिंग त्यानंतर सुधारलं.

नाझी जर्मनीचा रणगाडा घरात ठेवणं बरोबर आहे का?

हा प्रश्न मला माझ्या आईने विचारला होता, आणि तो योग्यच होता. हेन्शेलच्या कारखान्यांत वेठीला धरून आणलेले मजूर राबत होते. ज्या राजवटीसाठी हा रणगाडा लढला तिने लाखो निरपराध माणसं मारली. हे ठाऊक असून मी तो बांधतो, कारण यंत्र म्हणून तो विलक्षण आहे आणि त्या काळाबद्दल बोलायला तो मला भाग पाडतो. एसएस या नाझी पक्षाच्या सशस्त्र दलातल्या नामवंत रणगाडा-कमांडरांच्या गाड्या मात्र मी करत नाही. त्यांना वीर म्हणून मिरवणं मला जमत नाही.

आणि हे युद्ध आपल्यापासून दूरही नव्हतं. इटलीत ५०४ आणि ५०८ क्रमांकाच्या तुकड्या टायगर घेऊन लढल्या, त्याच इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान लढत होते. १० जुलै १९४४ ला नाईक यशवंत घाडगे तिथे पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीकाठच्या लढाईसाठी तोच सन्मान मिळाला. माझ्या कपाटात इटलीतला टायगर आहे, आणि त्याच्या शेजारी मराठा पलटणीचा ५ सेमीचा एक जवान उभा आहे.

एक टायगर व्हायला किती वेळ लागतो?

रोज तासभर बसलात तर किटमधला साधा टायगर दीड-दोन महिन्यांत होतो. झिमेरिट, वेल्डिंग, कडी-कडीचे ट्रॅक धरले तर मला पाच महिने लागतात.

झालेलं मॉडेल कसं सांभाळायचं?

काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या बंद पेटीत, थेट उन्हापासून दूर. पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा आणि पावसाळ्याआधी बदला. धूळ बसलीच तर मेकअपचा मऊ मोठा ब्रश वापरा, फडकं नको, फडक्यात पहिली अँटेना अडकते. उचलताना नेहमी सांगाड्याच्या तळाला धरा. टरेट नुसता वर ठेवलेला असतो, त्याला धरून उचललं तर खालचा १८ सेमीचा रणगाडा फरशीवर जातो.